शेऱ्याचा रकाना

अर्जाला चौदा रकाने.
तेरा मी विचारून भरतो, चौदावा न विचारता.
तो शेऱ्याचा. दोन बोटं रुंद.
त्यात 'योग्य' सहज मावतं,
'अयोग्य' लिहिताना अक्षर बारीक करावं लागतं.

रायबंदरहून नऊ दहाची फेरीबोट.
स्कूटरच्या डिकीत कोरे अर्ज, अंगठ्याचं पॅड, मोजणीची टेप
आणि दुपारची पोळी.
चोडणच्या धक्क्यावर माझी वाट पाहत कुणी उभं नसतं,
तरी चाक जमिनीला लागायच्या आत
गावाला कळलेलं असतं:
सबसिडीवालो आयलो.

मिशेलबाबचं शेत यंत्राने कापलं. पावती जोडलेली आहे.
यंत्र खाजनात रुतून तीन दिवस तिथंच होतं,
बगळे त्याच्या टपावर बसून गाळ न्याहाळत होते,
आणि भात कापलं ते शेजारवाड्यावरच्या पाच बायकांनी.
बायकांची पावती नसते.
मी लिहिलं: यंत्राद्वारे.
यंत्र आलं होतं, हे काही खोटं नाही.

मग चंद्रावती वळवईकर.
वय, ती सांगेल तेवढं. पीक कोरगुट.
क्षेत्र चारशे पंचाहत्तर चौरस मीटर,
म्हणजे कार्यालयासमोर साहेबांची गाडी वळते तेवढी जागा.
एक-चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदार: इनास कायतान मिनेझिस.
कसणाऱ्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.
ती रेघ म्हणजे चंद्रावती,
एकोणीस पावसाळे.

"त्याची ना-हरकत लागेल," मी म्हणालो.
तिने चिखलाचा हात परकराला पुसला आणि फोन लावला.

स्विंडनला पहाटेचे साडेपाच.
गोदामातली रात्रपाळी आटोपून इनास बसथांब्यावर,
अंगात चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट.
पहिलंच विचारलं,
"मानशीचं दार गळतं अजून?"
"गळतं."
तिने फोन शेताकडे वळवला.
एका अंगाला कललेलं भात. बांधातली कुर्ल्यांची बिळं.
खाऱ्या पाण्याने करपलेला एक कोपरा,
तोही तिने लपवला नाही.
तो इतका वेळ गप्प राहिला
की मला वाटलं, रेंज गेली.

"किती मिळतात?"
"साडेनऊशे."
"आणि मी सही दिली, की उद्या तू कूळ."
हे तो रागाने बोलला नाही.
बापाने पाठ करून घेतलेला पाढा
म्हणून दाखवावा, तसा बोलला.
"बरं," ती म्हणाली. "जेवून मग नीज."
आणि फोन ठेवला.

चौदाव्या रकान्यात मी लिहिलं: पीक जागेवर उभे आहे.
मग ते खोडलं. लिहिलं: कागदपत्रे अपूर्ण.
खोडलेलं वाचता येत होतं.
मी ते आणखी गिरवलं नाही,
एवढीच त्या वर्षातली माझी मर्दुमकी.

मार्चमध्ये पंचायतीच्या फळ्यावर यादी लागली.
अनुक्रमांक एकेचाळीस: मिनेझिस इनास कायतान. रुपये ९५०.
अर्ज कुणाचा, हे संगणकाने पाहिलंच नव्हतं.
त्याने सर्व्हे नंबर पाहिला, नाव उचललं,
बेटावरच्या बँकेतलं एक झोपलेलं खातं शोधलं
आणि पैसे त्याच्या उशाशी ठेवून दिले.

मी स्वतः सांगायला गेलो. दुरुस्तीचा अर्ज सोबत नेला,
त्यालाही चौदा रकाने.
चंद्रावती कणगीजवळ बसून बियाणं पाखडत होती.
ऐकलं, सूप थांबवलं,
आणि हसली ती अशी की कोंबड्या पांगल्या.

"मेळ्ळे न्हय ताका लावणीचे पैसे?
मग त्याला म्हणावं, पुढच्या लावणीला ये.
गुडघाभर चिखल
ठेवते राखून."

अर्ज मी डिकीत परत ठेवला.
फेरीत बसल्यावर पाहिलं,
त्याच्या कोऱ्या चौदाव्या रकान्यात
सुपातून उडालेला एक दाणा चिकटला होता.